आम्लालाही न जुमानणारा रंग

२४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा श्रोत्यांत २८ वर्षांचे डॉक्टर पॉल एर्लिख बसले होते. जंतू दिसत होता खरा, पण कॉख यांच्या पद्धतीने तो रंगवायला जवळपास एक दिवस लागे.

रंगांच्या बाबतीत एर्लिख यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सिलेशियातल्या श्ट्रेलेन गावी १८५४ मध्ये त्यांचा जन्म झाला. नात्यातले रोगशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांच्यामुळे त्यांना कृत्रिम रंगांची गोडी लागली आणि विद्यार्थिदशेत बोटे कायम रंगलेली असत. व्याख्यान ऐकून ते लगेच कामाला लागले. त्यांनी काचपट्ट्या वाळायला थंड शेगडीवर ठेवल्या, सकाळी ती कोणीतरी पेटवली आणि उष्णतेने रंग अधिक पक्का बसला, अशी हकिगत सांगितली जाते. त्यापेक्षा महत्त्वाचे होते ते पुढचे निरीक्षण. तीव्र आम्लाने धुतल्यावर बाकी सगळ्याचा रंग उडतो, क्षयाचा जंतू मात्र तो सोडत नाही. जंतूभोवती आम्ल आत न शिरू देणारे कवच असावे, हा त्यांचा तर्क बरोबर होता. ते मेणासारखे आवरण पुढे सापडले. झील आणि नेल्सन यांनी सुधारलेली हीच पद्धत आजही थुंकीच्या तपासणीत वापरतात.

काही वर्षांनी एर्लिख यांना स्वतःच्याच थुंकीत हे जंतू दिसले. १८८८ मध्ये ते पत्नीसह इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले आणि बरे होऊन परतले.

दरम्यान एक अडचण पुढे आली होती. आम्लाला दाद न देणारे जंतू १८८५ मध्येच निरोगी माणसाच्या जननेंद्रियावरील स्रावात सापडले. ते लघवीत उतरले की मूत्रपिंडाचा क्षय असल्याचा भास होई. १८९७ मध्ये लिडिया राबिनोविच यांना बर्लिनच्या बाजारातील लोण्यात तसेच जंतू आढळले. नेमक्या जंतूलाच टिपणारे औषध शोधण्यात हयात घालवणाऱ्या एर्लिख यांचा रंग मात्र तितका नेमका नव्हता! त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले, पुढे उपदंशावरचे साल्व्हर्सान आले आणि १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे भाऊबंद फुप्फुसाचा आजारही करतात, हे नीट पटायला वेळ लागला. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत क्षयासारख्या रुग्णांच्या नमुन्यांतून पिवळ्या वसाहती वाढल्या. १९५९ मध्ये अर्नेस्ट रनियन यांनी अशा जंतूंचे गट पाडले, तेही वसाहतीचा रंग आणि वाढीचा वेग पाहूनच.

आज काचपट्टीवर जंतू दिसले, पण सीबीनॅट चाचणीत क्षयाचा जंतू आढळला नाही, तर या भाऊबंदांचा संशय घेतात. मग जंतू वाढवून त्याची जात ठरवावी लागते. ते केले नाही, तर औषधे लागू पडत नाहीत म्हणून रुग्णाला औषधांना दाद न देणारा क्षय झाल्याचा समज होऊ शकतो. यातल्या काही जातींवर क्षयाची नेहमीची औषधे चालतच नाहीत. उलट, हे जंतू माती-पाण्यात सर्वत्र असतात. नळाच्या पाण्यातूनही नमुन्यात येतात. म्हणून एकाच थुंकीवरून निदान पक्के न करता आणखी नमुने वाढवून पाहतात आणि छातीचा सीटी स्कॅन त्यांच्याशी ताडून बघतात.