वाटेवरची पाठशाळा

पहाटेची वेळ आहे. पूर्व दिशा अजून उजळलेली नाही. देवळाच्या ओवरीत प्रवासाने थकलेले एक कुटुंब निजलेले आहे. त्यातील आई मात्र केव्हाच उठली आहे. जमिनीवर झोपलेल्या आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ती अलगद उचलून जवळ घेते, गोड शब्दांनी तिची झोप घालविते आणि हळूच एक श्लोक म्हणते. डोळे चोळीत मुलगी तो श्लोक तिच्यामागून म्हणते. झाडांवर पाखरे किलबिलू लागतात आणि त्यांच्या सुरात माय-लेकींचे सूर मिसळतात. मुलीच्या समोर पाटी नाही, पुस्तक नाही. आईचे ओठ हेच तिचे पुस्तक!

ही मुलगी म्हणजे पुढे साऱ्या देशात पंडिता म्हणून गाजलेली रमाबाई. तिने लहानपणी शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही. तिची शाळा तिच्या आईवडिलांनी घरातच भरविली होती आणि ते घरही एका जागी उभे नव्हते. आज या गावी, तर उद्या त्या गावी, असे ते सतत चालत होते. या चालत्या घरात ही शाळा कशी भरली, याची कथा रमाबाईंच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील. तरुणपणी ते विद्येसाठी पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकू लागले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविण्यासाठी साठेशास्त्री वाड्यात जात असत. तेथे एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांना मोठे आश्चर्य वाटले. मुलींनी अक्षर ओळखणेदेखील अशुभ मानण्याचा तो काळ होता. एका स्त्रीला हे साधते, तर इतरांना का साधू नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावयाचे, असा निश्चय त्यांनी मनाशी केला.

निश्चय करणे सोपे होते, तो तडीस नेणे मात्र अवघड होते. गावी परतल्यावर त्यांनी पत्नीला शिकविण्याचा प्रयत्न केला. पण घरातील वडीलधाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही. पत्नीलाही अभ्यासाची गोडी लागेना. तो बेत तसाच राहिला. पुढे त्यांची ही पत्नी वारली. काही काळाने तीर्थयात्रा करीत असता गोदावरीच्या काठी पैठण येथे त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू अवघी ९ वर्षांची होती. त्या काळी अशी लग्ने सर्रास होत असत. तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले.

अनंतशास्त्र्यांनी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला. पुन्हा तोच विरोध उभा राहिला. शास्त्री धर्मबाह्य वागतात, अशी ओरड झाली. उडुपी येथील विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपल्या वागण्याचा जाब द्यावा लागला. अनंतशास्त्री स्वतः परंपरेला मानणारे होते. वेद ते स्त्रियांना शिकवीत नसत. परंतु काव्य, व्याकरण आणि पुराणे शिकण्यास स्त्रियांना शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी अनेक ग्रंथांचे आधार काढून दाखवून दिले.

लोकांच्या बोलण्याचा त्रास नको आणि अभ्यासात खंडही पडू नये, म्हणून अनंतशास्त्री पत्नीला घेऊन सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे राहावयास गेले. आजच्या कर्नाटकातील हे स्थान तुंगा आणि भद्रा या नद्यांचे उगमस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या रात्री तेथे डोक्यावर छप्परही नव्हते. पलीकडच्या दरडीवर वाघ डरकाळ्या फोडीत होता. भीतीने थरथरणाऱ्या बालवधूने पासोडी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली होती आणि शास्त्रीबुवा पहाटेपर्यंत पहारा करीत जागे राहिले होते. पुढे तेथे घर उभे राहिले, गोठा उभा राहिला, दुरून विद्यार्थी येऊ लागले. लक्ष्मीबाई इतक्या शिकल्या, की पतीच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्यांना पाठ देण्याची योग्यता त्यांना आली. याच रानातील घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. कृष्णाबाई ही थोरली बहीण, श्रीनिवास हा भाऊ आणि रमा हे शेंडेफळ.

गंगामूळ हे तीर्थाचे ठिकाण असल्यामुळे यात्रेकरूंचा ओघ सतत चालू असे. दारी आलेल्या प्रत्येकाला जेवू घालण्याचे शास्त्रीबुवांचे व्रत होते. या व्रतापायी कर्ज वाढत गेले, शेतीवाडी गेली आणि रमा सहा महिन्यांची असतानाच सारे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून नेण्यात आले. त्यानंतर वर्षानुवर्षे या कुटुंबाला कायमचे घर असे मिळाले नाही. एखाद्या तीर्थाच्या गावी जावे, देवळात किंवा धर्मशाळेत उतरावे, देवळात बसून पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी भक्तिभावाने ठेवलेल्या धान्यावर आणि पैशांवर निर्वाह करावा आणि काही दिवसांनी पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे.

अशा स्थितीत मुलांच्या शिक्षणाचे काय होणार? आज येथे, उद्या तेथे. पुस्तके बाळगण्याची सोय नाही. आईच्या मागे स्वयंपाकपाण्याची आणि प्रवासाची दगदग. दुसरे कोणी असते, तर परिस्थितीला दोष देऊन स्वस्थ बसले असते. लक्ष्मीबाईंनी मात्र मार्ग काढला. दिवस कामांनी भरलेला असे, म्हणून त्यांनी पहाटेची वेळ शिक्षणासाठी राखून ठेवली. त्या वेळी कोणी पाहुणा येत नाही, कोणतेही काम खोळंबत नाही आणि मनही ताजे असते. ग्रंथांची उणीव त्यांनी पाठांतराने भरून काढली. अनंतशास्त्री आता वृद्ध झाले होते, म्हणून रमेच्या शिक्षणाचा भार आईनेच उचलला. रमेच्या वयाच्या आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा नेम चालला.

या पाठशाळेचा अभ्यासक्रम मोठा होता. संस्कृत व्याकरण, शब्दकोश, रामायण, महाभारत आणि पुराणे रमेने आईपाशी शिकली. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले. सकाळी पाठ केलेलेच दिवसा देवळातील पुराणवाचनात कानी पडे आणि त्याची आपोआप उजळणी होई. मराठी ही तर घरातलीच भाषा होती. वाटेवरील गावांनी तिला कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली याही भाषा शिकविल्या. परंतु या सर्वांहून मोलाची गोष्ट निराळीच होती. लक्ष्मीबाईंनी मुलीला नुसते श्लोक दिले नाहीत. आपले आपण शिकावे कसे, हेही शिकविले. पुढे फारशी कोणाची मदत न घेता रमाबाई नवनवे विषय शिकू शकल्या, त्याचे श्रेय त्या सदैव आपल्या आईला देत असत.

आणखी एका बाबतीत या मातापित्यांनी धैर्य दाखविले. थोरल्या कृष्णाबाईचे लग्न त्यांनी रूढीप्रमाणे बालपणीच लावून दिले होते आणि त्यातून तिला दुःखच प्राप्त झाले. ती चूक ओळखून त्यांनी रमेच्या लग्नाची घाई केली नाही. तिची शिकण्याची वर्षे तिलाच मिळाली.

या शिक्षणात उणिवाही होत्या. गणित, भूगोल, इंग्रजी असे विषय त्यात नव्हते. बाहेरच्या जगाचा वारा मुलांना लागू नये, असेच आईवडिलांना वाटत असे. संकट आले, तेव्हा या उणिवा उघड झाल्या. दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना, दक्षिणा कोणी देईना. होते नव्हते ते किडूकमिडूक विकून संपले. धर्मग्रंथांत पारंगत असलेल्या या कुटुंबाला पोट भरण्याची दुसरी कोणतीही विद्या अवगत नव्हती. आणि मोलमजुरी करणे किंवा भीक मागणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. झाडांची पाने आणि रानफळे खाऊन त्यांनी दिवस काढले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री वारले. त्यांच्यामागून थोड्याच काळात लक्ष्मीबाई आणि कृष्णाबाईही गेल्या. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ एवढेच काय ते मागे राहिले.

बहीणभाऊ तसेच पायी उत्तरेकडे निघाले. कित्येक दिवस मूठभर भिजविलेले धान्य मिठाबरोबर खाऊन त्यांनी काढले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी कडाक्याची होती, आणि अंगावर पांघरूण इतके अपुरे, की वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरड्या वाळूने अंग झाकून त्यांनी रात्र घालविली. सारे काही हरवले होते. आईने पहाटे दिलेली विद्या तेवढी हरवली नव्हती.

१८७८ मध्ये ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, पुराणांतील वचने मुखाने म्हणते, ही वार्ता शहरभर पसरली. पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिच्या विद्वत्तेने ते थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन त्यांनी तिचा गौरव केला. ज्या विद्येसाठी अनंतशास्त्र्यांना गाव सोडावे लागले होते, त्याच विद्येचा हा सत्कार होता. मात्र तो पाहावयास आईवडील हयात नव्हते.

सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये त्यांना मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या प्रारंभी पतीचे निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे आग्रहाने मांडले.

आपल्या शिक्षणातील उणिवा रमाबाईंना ठाऊक होत्या. त्या भरून काढण्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे स्वदेशातील पुष्कळ लोक त्यांच्यावर रुष्ट झाले. पण रमाबाई आपल्या मताशी प्रामाणिक राहिल्या. चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवीत, तर दुसरीकडे स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकत. १८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी एक नवलाची गोष्ट पाहिली. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाच्या बालोद्यान पद्धतीच्या शाळांत लहान मुले खेळ, गाणी, लाकडी ठोकळे आणि हस्तकाम यांच्या साहाय्याने हसत-खेळत शिकत होती. रमाबाईंनी या पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलींसाठी सचित्र वाचनपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. जिला स्वतःला बालपणी एकही चित्राचे पुस्तक मिळाले नव्हते, ती आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी चित्रे निवडीत बसली होती!

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही संस्था उघडली. मुख्यतः बालविधवांसाठी असलेले हे विद्यालय पुढल्याच वर्षी पुण्यास गेले. सदन म्हणजे घर. ज्यांना स्वतःच्या घरी मायेचा शब्द मिळत नव्हता, अशा मुली येथे राहत आणि शिकत. येथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या आणि त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यात सहभागी झाल्या. धर्माच्या प्रश्नावरून सदनावर कडक टीका झाली, काही पालकांनी मुली काढून नेल्या. तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना आणून पुण्याजवळ केडगाव येथे आसरा दिला. दुष्काळ काय असतो, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. केडगावच्या मुक्ती सदनात मुली वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शेती, छपाई असे उद्योगही शिकत. विद्येला हाताच्या कसबाची जोड हवी, हा धडा त्यांना स्वतःच्या दुःखाने शिकविला होता. मनोरमाही आईच्या कार्यात सामील झाली. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविण्याचे काम तिने तेथे सुरू केले.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. हा आघात सोसून रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला.

लक्ष्मीबाईंपाशी शिकविण्यासाठी इमारत नव्हती, फळा नव्हता, पुस्तकेही पुरेशी नव्हती. दिवसातील एक शांत वेळ, रोजचा न चुकणारा नेम आणि मुलीवरील माया एवढेच त्यांचे भांडवल होते. एका मुलीसाठी एका आईने पेटविलेल्या या लहानशा दिव्यावर पुढे शेकडो मुलींचे दिवे लागले.