चणीने लहान, पण बॉलिंगला वाघ : रमाकांत देसाई
पिंपळी : बारामती-इंदापूर पट्ट्यात गावोगावी टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. अंगाने किरकोळ पोराच्या हातात मात्र कुणी पटकन नवा बॉल देत नाही. अशा पोरांनी रमाकांत देसाई हे नाव लक्षात ठेवावं.

२० जून १९३९ ला मुंबईत जन्मलेले देसाई साडेपाच फुटांच्या आतले. म्हणून त्यांना ‘टायनी’, म्हणजे चिमुकला म्हणायचे. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळले, तेव्हा वय १९. एकाच डावात ४९ षटकं टाकून ४ बळी घेतले. दुसऱ्या टोकाकडून तोडीचा वेगवान जोडीदार त्यांना क्वचितच मिळाला. तरी २८ कसोटींत ७४ बळी!

१९६८ ला न्यूझीलंडमध्ये, ड्युनेडिनच्या कसोटीत बॅटिंग करताना चेंडू लागून जबडा मोडला. पण गडी मैदानातून हलला नाही. बिशनसिंग बेदींसोबत शेवटच्या जोडीने ५७ धावा जोडल्या. भारताने सामना जिंकला. परदेशातला तो आपला पहिलाच कसोटी विजय. पुढे ते निवड समितीचे अध्यक्षही झाले. एप्रिल १९९८ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.