अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

जबलपूरच्या वस्त्यांमध्ये ‘आंगनवाडी’ आणि महाराष्ट्रात ‘अंगणवाडी’ या नावाने परिचित असलेली संस्था आज देशभर पसरली आहे. तिची मुळे शोधत गेल्यास आपण पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावात, ताराबाई मोडक यांच्या कार्यापाशी पोहोचतो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतील केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. राजकोटला अध्यापिका प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्य असलेल्या ताराबाईंनी १९२३ च्या सुमारास ते पद सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम सुरू केले. मुलाने वस्तू स्वतः हाताळावी, चूक त्याची त्यालाच उमगावी, शिक्षिकेने उत्तर सांगण्याची घाई करू नये, ही मॉन्टेसरी पद्धत त्यांनी तेथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार.

परंतु हे सारे सुस्थित घरांतील मुलांपुरतेच राहिले होते. खेड्यातल्या गरीब मुलांना हे शिक्षण मिळणार कसे? वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. तेथील मुले शाळेत येत ना. धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि गुरे चारणे ही त्यांची कामे होती. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या परिसरात गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली. आकार, संख्या, रंग यांची ओळख मुले याच वस्तू निवडून, लावून आणि मोजून करून घेऊ लागली. मॉन्टेसरींच्या निष्ठावंत अनुयायांना हा बदल कदाचित रुचला नसता. तत्त्व मात्र यत्किंचितही ढळले नव्हते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव सर्वदूर गेले. पोषण आहार आणि लसीकरण यांना योजनेत अग्रक्रम मिळाला, आणि तो योग्यच होता. मात्र मुलाच्या जिज्ञासेला वाव देणारे ताराबाईंचे शिक्षण त्यात मागे पडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळ, कृती आणि शोध यांवर आधारित शिक्षणाची शिफारस केली आहे. त्यासाठी लागणारे शंख-शिंपले आणि बिया कोसबाडच्या टेकडीवर तेव्हाच गोळा झाले होते.