ईसीजीचे जनक आइंटहोवेन : हृदयाची बिघडलेली लय कागदावर कशी आली?

नाडी अनियमित लागली की डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणजेच एएफ हा आजार याच चाचणीत पकडला जातो. ही चाचणी जगाला देणारे शास्त्रज्ञ होते विलेम आइंटहोवेन.

कोण होते आइंटहोवेन?
त्यांचा जन्म १८६० मध्ये जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. डॉक्टर असलेल्या वडिलांचे लवकर निधन झाले. आई मुलांना घेऊन नेदरलँड्समधील युट्रेख्तला परतली. तिथे विलेम डॉक्टर झाले आणि वयाच्या पंचविशीत लायडेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून निवडले गेले.

यंत्र कसे होते?
हृदयातील वीज अतिशय क्षीण असते. ती टिपण्यासाठी त्यांनी चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्झची बारीक तार शक्तिशाली विद्युतचुंबकांमध्ये ताणून बसवली. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच जण लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य होते. त्यामुळे १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे संकेत प्रयोगशाळेत आणले.

एएफ कसे दिसले?
आलेखातील लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांनीच दिली. १९०६ मध्ये त्यांनी एएफचा आलेखही प्रसिद्ध केला. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यामुळे ‘पी’ लहर नाहीशी होते आणि ठोक्यांमधील अंतर कमी-जास्त होते. अनियमित नाडीमागे हेच कारण असल्याचे लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये दाखवले. आइंटहोवेन यांना १९२४ मध्ये नोबेल मिळाले. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले.

धोका कोणाला?
थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, मद्यपान, थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास अडखळणे आणि हृदयाच्या झडपांचे आजार ही प्रमुख कारणे आहेत.

अनेकांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत. एएफ येऊन-जाऊन असेल तर एका ईसीजीत सापडेलच असे नाही. तेव्हा डॉक्टर २४ तासांची होल्टर चाचणी सुचवतात. वेळीच निदान झाले तर गुठळी रोखणारी औषधे देऊन पक्षाघाताचा धोका बराच कमी करता येतो.