मॅडम वॉकर : गळत्या केसांपासून सुरू झालेली वाटचाल

१८९०च्या दशकातील गोष्ट. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात एक तरुण विधवा दिवसभर लोकांचे कपडे धूत असे. उकळत्या पाण्याचा हंडा, कॉस्टिकचा दाहक साबण आणि धुणे घासण्याची फळी हाच तिचा संसार होता. दिवसाची कमाई दीड डॉलरच्या आसपास. त्यात एका लहान मुलीचे पोट भरायचे आणि तिला शाळेतही पाठवायचे. अशातच तिच्या डोक्याला खाज सुटू लागली, खपल्या पडू लागल्या आणि केसांचे पुंजके हातात येऊ लागले. काही दिवसांनी डोक्याची त्वचा उघडी दिसू लागली. तिचे नाव सारा ब्रीडलव्ह. पुढे जगाने तिला मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ओळखले.

साराचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी झाला. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी संपल्यानंतर घरात जन्मलेले हे पहिले अपत्य. मात्र स्वातंत्र्य आले तरी दारिद्र्य गेले नव्हते. सात वर्षांची असतानाच ती पोरकी झाली, मग थोरल्या बहिणीकडे राहिली. चौदाव्या वर्षी लग्न, १८८५ मध्ये मुलगी लीलिया आणि १८८७ मध्ये वैधव्य. विसाव्या वर्षी पदरात दोन वर्षांची मुलगी घेऊन ती सेंट लुइसला आली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करत होते.

केस का गळत होते?

साराचे दुखणे तिच्या एकटीचे नव्हते. त्या काळात गरीब वस्त्यांतील घरांत नळ नसत. पाणी बाहेरून भरून आणायचे, चुलीवर तापवायचे. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत ओल्या डोक्याने आजारी पडण्याची भीती. त्यामुळे अनेक बायका महिना महिना केस धूत नसत. धुतलेच तर कपड्यांच्या तीव्र साबणाने. मळ, तेल आणि घाम साचून डोक्याच्या त्वचेवर यीस्ट आणि बुरशी वाढे, दाट कोंडा होई, खाजवून जखमा होत. कुरळे केस सरळ दिसावेत म्हणून ते दोऱ्याने घट्ट गुंडाळण्याची पद्धतही होती. त्या ताणाने कानशिलाजवळचे केस मुळापासून सैल होत.

याखेरीज आणखी एक कारण आज वैद्यकशास्त्राला माहीत आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. पण मोठा ताप, बाळंतपण, कुपोषण किंवा तीव्र मानसिक ताण यानंतर एकाच वेळी बरेच केस विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झपाट्याने गळू लागतात. अपुरे अन्न, अतिश्रम आणि काळजी हे सारे साराच्या वाट्याला आलेलेच होते.

डबीतला लेप

साराने मिळेल तो उपाय करून पाहिला. त्याच सुमारास ॲनी टर्नबो (पुढे मलोन) ही कृष्णवर्णीय उद्योजिका केसांची उत्पादने घरोघर विकत होती. सारा तिची विक्रेती झाली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली आणि तिथे स्वतःचे मिश्रण तयार करू लागली. १९०६ मध्ये जाहिरातींचे तंत्र जाणणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि डबीवर नाव आले मॅडम सी. जे. वॉकर. एका स्वप्नात आपल्याला या औषधाची कृती कळली, असे त्या सांगत. मूळ कृती आपलीच, असा मलोन यांचा दावा होता. दोघींमधले वैर अखेरपर्यंत मिटले नाही.

खरे तर या लेपातले मुख्य घटक दोघींच्याही आधीपासून औषधी दुकानांत होते. त्यात गंधक होते, पेट्रोलियम जेली होती, मेण होते आणि गंधकाचा वास झाकायला सुगंध होता. गंधक बुरशीला आवर घालते आणि कोंड्याच्या खपल्या सैल करते. पेट्रोलियम जेली कोरड्या त्वचेतला ओलावा टिकवते. पण लेपाइतकीच महत्त्वाची होती त्यामागची शिस्त. केस नियमित धुवा, त्यासाठी सौम्य शाम्पू वापरा, डोक्याची त्वचा स्वच्छ ठेवा आणि मगच लेप लावा, असे मॅडम वॉकर शिकवत. त्वचेची जळजळ थांबली की दबलेली केसांची मुळे पुन्हा कामाला लागत. म्हणजे डबीवर केस उगवण्याचे आश्वासन असले, तरी तो लेप नवे केस निर्माण करत नव्हता. तो वाढीतला अडथळा दूर करत होता. आनुवंशिक टक्कल मात्र अशा लेपाने भरून आले नसते.

या पद्धतीत विस्तवावर तापवलेला धातूचा कंगवाही होता. तो त्यांचा शोध नव्हता. युरोपातील केशरचनाकार तो आधीपासून वापरत होते. आपण केस सरळ करण्याचा धंदा करतो, हा आरोप त्यांना मान्य नव्हता. निरोगी, नीटनेटके केस हाच आपला हेतू असल्याचे त्या ठामपणे सांगत. टीका मात्र थांबली नाही. गोऱ्यांसारखे दिसण्याची हौस त्या वाढवत आहेत, असे स्वजनांतीलच काहींना वाटे. पुढे १९६८ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी तापलेल्या कंगव्याचा संबंध डोक्याच्या मध्यभागी पडणाऱ्या कायमच्या टकलाशी जोडला. नंतर असा कंगवा कधीच न वापरलेल्या स्त्रियांतही हा विकार आढळला. आज त्यामागे आनुवंशिकता आणि इतरही कारणे असल्याचे मानले जाते.

कपडे धुणारे हात, हिशेब ठेवणारे हात

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने प्रशिक्षण संस्था काढली. १९१० मध्ये रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या इंडियानापोलिस येथे कारखाना उभारला. शिकून तयार झालेल्या स्त्रिया घरोघर जाऊन केस धूत, लेप लावत आणि डबी विकत. कृष्णवर्णीय बाईला मोलकरीण, स्वयंपाकीण किंवा धोबीण याखेरीज फारसे काम मिळत नसे, त्या काळात हा सन्मानाचा व्यवसाय होता. आपण जवळपास २० हजार स्त्रियांना प्रशिक्षण दिले, असे कंपनी सांगत असे. १९१३ मध्ये मॅडम वॉकर जमैका, क्यूबा, हैती, पनामापर्यंत फिरून आल्या.

१९१२ मध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या अधिवेशनात अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलायला वेळ दिला नाही. तेव्हा त्या श्रोत्यांतून उभ्या राहिल्या आणि धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास सर्वांसमोर मांडला. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर त्या निमंत्रित वक्त्या होत्या. १९१७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरवले. दोनशेहून अधिक जणी आल्या. बक्षिसे केवळ जास्त माल विकणाऱ्यांना नव्हती, समाजासाठी अधिक देणगी देणाऱ्यांनाही होती. त्याच वर्षी ईस्ट सेंट लुइस येथे कृष्णवर्णीयांची हत्याकांडे झाली. जमावाकडून होणाऱ्या अशा हत्यांविरुद्ध निवेदन घेऊन व्हाइट हाउसवर गेलेल्या शिष्टमंडळात त्या होत्या. अध्यक्ष विल्सन भेटले नाहीत.

स्वतःकडे दुर्लक्ष

या साऱ्या धावपळीत त्यांचा रक्तदाब वाढत होता आणि मूत्रपिंडे निकामी होत होती. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. काही काळ त्या आरोग्यधामातही राहिल्या, पण दौरे सुटले नाहीत. तसेही त्या काळी रक्तदाबावर खात्रीची औषधे नव्हती. रोज घेता येतील अशा परिणामकारक गोळ्या १९५०च्या दशकात आल्या. १९१९च्या वसंतात सेंट लुइसच्या दौऱ्यावरच त्या कोसळल्या. हडसन नदीकाठच्या आपल्या नव्या घरात २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मालमत्ता सुमारे सहा लाख डॉलरची होती. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग धर्मादाय कामांना द्यावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

पुढे १९७९ मध्ये तीव्र रक्तदाबासाठी मिनॉक्सिडिल नावाच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि १९८८ मध्ये तेच औषध टक्कल पडणाऱ्यांसाठी डोक्याला लावण्याच्या स्वरूपात बाजारात आले. मॅडम वॉकर ज्या आजाराने गेल्या, त्याच्याच उपचारातून त्यांनी आयुष्यभर शोधलेले केसांचे औषध पुढे सापडले.

त्यांच्या शिकवणीतला साधा भाग आजही लागू आहे. डोक्याची त्वचा स्वच्छ ठेवावी. ओले केस बांधून ठेवू नयेत, घट्ट वेण्या आणि अंबाडे रोज घालू नयेत. आजारपण किंवा बाळंतपणानंतर केस गळू लागले तर घाबरून जाऊ नये. ते बहुधा काही महिन्यांत परत येतात. पण चाई पडल्यासारखे गोल चट्टे दिसले, खपल्या व पू आला किंवा गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नाही, तर डबीवरच्या जाहिरातीवर विसंबू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि त्याच वेळी रक्तदाबही मोजून घ्यावा.