रेडियमच्या तेजात झाकोळलेला शोध

रेडियममुळे अजरामर झालेल्या पिएर क्युरी यांचे पहिले मोठे संशोधन मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये एका डॉक्टरांच्या घरी जन्मलेल्या पिएर यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, त्यांनी थोरले बंधू जाक यांच्यासमवेत दाखवून दिले, की क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो. विद्युतदाब दिल्यास स्फटिकाचा आकार किंचित बदलतो, हेही या बंधूंनी पुढच्याच वर्षी सिद्ध केले.

याच तत्त्वावरील उपकरणाने मेरी क्युरी यांनी किरणोत्सर्गामुळे निर्माण होणारा अतिक्षीण विद्युतप्रवाह मोजला आणि १८९८ मध्ये या दांपत्याला पोलोनियम व रेडियम गवसले. १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या पावसाळी रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर यांचे निधन झाले.

आज सूक्ष्म यंत्रप्रणालींमध्ये स्फटिकी पदार्थाचा पातळ थर दाब वा कंपने टिपतो आणि विजेच्या इशाऱ्यावर हालचालही करतो. काही प्रिंटरमधील शाईचा थेंब तोच ढकलतो, मोबाइलमधील रेडिओलहरी तोच गाळतो. एकविसाव्या वर्षीचा तो शोध असा घरोघरी पोहोचला आहे.