रुपया, पौंड आणि डॉ. आंबेडकर

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मराठी माणसांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी थोडी अधिकच आपुलकी वाटते. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पण जन्म झाला तो १४ एप्रिल १८९१ रोजी, माळव्यातील महूच्या छावणीत. वडील सुभेदार रामजी तेथील लष्करी शाळेत शिक्षक होते. घटनेचे शिल्पकार व दलितांचे उद्धारकर्ते म्हणून बाबासाहेबांचे चरित्र सर्वांस परिचित आहे. आम्हांस येथे स्मरण करावयाचे आहे ते अर्थशास्त्रज्ञ आंबेडकरांचे. रुपया व पौंड यांच्या हुंडणावळीचा वाद अर्धशतकाहून अधिक काळ गाजला. त्या वादात, भाव बदलला की भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्यांनी नेटाने पुढे मांडला.

त्यांचा जन्म झाला तेव्हा रुपया घसरणीस लागलेला होता. १८३५ च्या कायद्याने सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीचा एकच रुपया सुरू झाला. पौंड मात्र सोन्याचा. सोने व चांदी यांचे प्रमाण स्थिर होते तोवर एक रुपया म्हणजे सुमारे दोन शिलिंग हे समीकरण टिकले. १८७१ नंतर जर्मनीने सुवर्ण चलन स्वीकारले, इतर राष्ट्रांनीही चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले, आणि अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर लोटला. १८९२-९३ साली रुपयाचा सरासरी भाव पंधरा पेन्सांवर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत पेन्शने, कर्जावरील व्याज इत्यादी खर्च पौंडांत भागवावा लागे. रुपया एका पेनीने उतरला तरी तितके अधिक रुपये येथील रयतेकडून वसूल करणे आले. गंमत अशी की, विलायतेस पैसे धाडणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना या घसरणीची झळ लागू नये म्हणून १८९३ पासून खास भत्ता देण्यात आला. महागाई भत्त्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांना ही हकीकत वाचून हसू येते. मात्र तो भत्ता कोणाच्या करातून गेला हे आठवले की हसू विरते.

त्याच वर्षी जूनमध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले. रुपयाची टंचाई झाली आणि १८९८ पर्यंत भाव एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला. म्हणजे पौंडास पंधरा रुपये. महायुद्धापर्यंत तो जवळपास तसाच राहिला.

या काळात बाबासाहेबांचे शिक्षण सातारा व मुंबई येथे झाले. १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि तेथून १९१६ मध्ये लंडनला गेले; पण मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तेथील पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी स्नेह्याकडून कर्ज घेऊन, जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

ही तारीख आम्हांस महत्त्वाची वाटते. युद्धकाळात चांदी भडकली, तिच्यामागोमाग रुपयाही चढला, आणि १९२० च्या आरंभी सरकारने तो सोन्याच्या दोन शिलिंगांवर बांधण्याचे ठरविले. हा दर बाजाराने मानला नाही. तो राखण्यासाठी सुमारे साडेपाच कोटी पौंड खर्ची घालूनही वर्ष संपण्यापूर्वीच सरकारला हात टेकावे लागले. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली गेला. हिशेब सरळ आहे : दोन शिलिंगांच्या भावाने हजार रुपयांचे शंभर पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सांच्या भावाने जेमतेम सदुसष्ट. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसणाऱ्या या विद्यार्थ्याला ज्या रुपयांचा आधार होता, त्यांचाच भाव असा कोसळत होता. आणि त्याच्या प्रबंधाचा विषयही तोच, रुपयाचा प्रश्न!

परीक्षकांना प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली व त्यांनी फेरलेखन सुचविले. पैसे संपल्याने बाबासाहेब मुंबईस आले, येथून सुधारलेला प्रबंध पाठविला व डी. एस्‌सी. पदवी मिळविली. १९२३ मध्ये तो लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांना सर्व मते मान्य नव्हती, तरीही त्यांनी ग्रंथाचे स्वागत केले.

ग्रंथाचा रोख केन्सविरुद्ध होता. रुपया चांदीचाच ठेवून सरकारने पौंडाशी त्याचा भाव सांभाळावा, ही पद्धत केन्सने १९१३ मध्ये वाखाणली होती. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, या पद्धतीत रुपये किती पाडावेत याला मर्यादाच नाही. बाहेरचा भाव स्थिर दिसतो; पण आत चलन वाढून महागाई होते. म्हणून रुपयांची संख्या कायद्याने ठरवून टाकावी व सोन्याचे चलन असावे, असा त्यांचा आग्रह होता. सोन्यावरील हा भरवसा पुढे जगानेच सोडून दिला. तो उपाय काळाबरोबर गेला असे आम्हांस म्हणावे लागते. निदान मात्र गेले नाही.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुंबईच्या गिरणीमालकांना स्वस्त रुपया, म्हणजे एक शिलिंग चार पेन्स हवा होता. सरकार एक शिलिंग सहा पेन्सांवर अडून होते. स्वस्त रुपया तोच राष्ट्रहिताचा, असे बहुतेक पुढारी मानीत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की रुपया स्वस्त झाला म्हणजे देशातील किमती चढतात, मजुरी मागे राहते आणि निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून येतो. एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेल्या पैशाला राष्ट्राची कमाई म्हणण्यास त्यांची तयारी नव्हती. रिझर्व्ह बँक त्यांच्याच कल्पनेतून जन्मली, असे हल्ली सरसकट सांगितले जाते. कमिशनपुढे साक्षी पुष्कळ झाल्या होत्या आणि बाबासाहेबांचा तर चलनाच्या चालकांना मोकळीक देण्यावरच विश्वास नव्हता. त्यांच्या थोरवीला अशा भरीची गरज नाही.

१९२७ च्या कायद्याने एक शिलिंग सहा पेन्सांचा भाव ठरला : पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. तो जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकला. बाबासाहेब मात्र १९२७ मध्येच महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते, आणि पुढचे आयुष्य त्या कार्याला, मग मजूर खात्याला, कायदेमंत्रिपदाला व घटनेला वाहिले गेले. १९४७ मध्ये त्यांनी ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ हिंदी चलन व बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून पुन्हा छापला. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात यावयाचा होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तो खंड निघाला नाही.